घटक ४ : स्मृतीच्या खुणेचा शोध – कार्ल लॅश्ली यांचे जीवन आणि संशोधन

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• कार्ल लॅश्ली यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे सांगता येतील.
• मेंदूला इजा झाल्यावर प्राण्यांच्या शिकलेल्या वर्तनावर होणारा परिणाम लॅश्ली यांनी कसा तपासला, हे स्पष्ट करता येईल.
• समक्षमता आणि समूहक्रिया या दोन तत्त्वांचा अर्थ व त्यांच्या मर्यादा विशद करता येतील.
• वैज्ञानिकाच्या चरित्रात व्यक्ती आणि कार्य यांची सांगड कशी घातली जाते, याचा विचार करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, चरित्र म्हटले की संत, समाजसुधारक, राष्ट्रपुरुष किंवा साहित्यिक यांची आठवण आपल्याला प्रथम होते. या घटकात आपण एका वैज्ञानिकाच्या चरित्राकडे वळणार आहोत. त्यापूर्वी आपल्याच भाषेतील काही वाक्प्रयोगांकडे लक्ष द्या. धडा डोक्यात बसतो, उपदेश मनावर ठसतो, एखादा प्रसंग मनावर कोरला जातो आणि काळाच्या ओघात तो स्मरणातून पुसलाही जातो. बसणे, ठसणे, कोरणे, पुसणे ही सारी क्रियापदे जागेची आणि खुणेची आहेत. शिकलेली गोष्ट आपल्या आत कोठेतरी खूण होऊन राहते, असे आपली भाषा सहज गृहीत धरते.

ही खूण मेंदूत नेमकी कोठे असते? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कार्ल लॅश्ली यांनी या एका प्रश्नाच्या मागे तीस वर्षांहून अधिक काळ घालवला. खूण त्यांना सापडली नाही आणि ते अपयश त्यांनी स्वतःच जाहीरपणे मांडले. तरीही मेंदू आणि वर्तन यांच्या अभ्यासाचा इतिहास त्यांच्या नावावाचून लिहिता येत नाही. ज्याला हवे ते सापडले नाही, त्याचे काम इतके मोलाचे कसे ठरले? हा प्रश्न मनाशी धरून तुम्ही हा घटक वाचावा.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ बालपण आणि शिक्षण

कार्ल स्पेन्सर लॅश्ली यांचा जन्म ७ जून १८९० रोजी अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील डेव्हिस या लहानशा गावी झाला. आईवडिलांचे ते एकुलते एक अपत्य. वडील व्यापार आणि गावचा कारभार यांत रमणारे होते. आई पूर्वी शिक्षिका होत्या. त्यांच्या संग्रही पुष्कळ पुस्तके होती आणि गावातील स्त्रियांना एकत्र जमवून त्या निरनिराळे विषय शिकवीत. शाळेबाहेर राहिलेल्यांनाही शिकता येते, या विश्वासाच्या घरात कार्ल वाढले. चौथ्या वर्षीच ते वाचू लागले होते. रानात भटकावे, किडे आणि लहानसहान प्राणी गोळा करावेत, हा त्यांचा आवडता उद्योग होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तरेकडे सोने सापडल्याची वार्ता पसरली, तेव्हा हे कुटुंबही अलास्काच्या दिशेने गेले आणि काही काळाने पुन्हा डेव्हिसला परतले.

किशोरवयातच ते वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात दाखल झाले. मनात होते भाषा आणि साहित्य. वेळापत्रकात एक जागा रिकामी राहिली, म्हणून त्यांनी प्राणिशास्त्राचा विषय घेतला. तो विषय जॉन ब्लॅक जॉन्स्टन हे मेंदूच्या रचनेचे अभ्यासक शिकवीत. काही आठवड्यांतच कार्ल यांच्या आयुष्याची दिशा ठरली.

या काळातील एक प्रसंग लॅश्ली पुढे आवर्जून सांगत. विभागात मदतनीस म्हणून काम करताना त्यांना टाकून दिलेल्या सामानात बेडकाच्या मेंदूचे रंगवलेले काचपट्टीवरील छेद सापडले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत चेतापेशींचे तंतू काळ्या रेषांसारखे उठून दिसत. कोणती पेशी कोणत्या पेशीला जोडलेली आहे, याचा संपूर्ण नकाशा काढला, तर बेडूक कसा चालतो-वागतो हे आपल्याला कळेल, असे या तरुण विद्यार्थ्याला वाटले आणि त्याने ती कल्पना आपल्या शिक्षकांपुढे मांडली. नकाशा मिळाला की वर्तन उलगडेल, ही श्रद्धा मनात घेऊनच लॅश्ली विज्ञानात आले. त्यांच्या पुढील आयुष्याची कथा ही या श्रद्धेची पदोपदी झालेली परीक्षा आहे.

१९१० मध्ये पदवी मिळाल्यावर त्यांनी पिट्सबर्ग विद्यापीठात जीवाणुशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. त्यानंतर बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हर्बर्ट स्पेन्सर जेनिंग्ज यांच्या मार्गदर्शनाखाली हायड्रा या सूक्ष्म जलचरातील आनुवंशिकतेवर संशोधन करून १९१४ मध्ये डॉक्टरेट मिळवली. मानसशास्त्राची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

४.३.२ वॉटसन यांचा सहवास

बाल्टिमोरमध्ये लॅश्ली यांची गाठ जॉन बी. वॉटसन यांच्याशी पडली. मानसशास्त्राने मनाच्या आत डोकावण्याचा नाद सोडावा आणि जे डोळ्यांना दिसते, मोजता येते, त्या वर्तनाचाच अभ्यास करावा, असे वॉटसन यांनी १९१३ मध्ये जाहीरपणे मांडले होते. या विचाराला पुढे वर्तनवाद असे नाव रूढ झाले.

दोघांनी मिळून फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगास बेटांवर सुरय जातीच्या समुद्रपक्ष्यांचा अभ्यास केला. घरट्यांपासून शेकडो मैल दूर नेऊन सोडलेले पक्षी परत कसे येतात, हे त्यांना पाहायचे होते. प्रयोगशाळेत परतल्यावर ते अभिसंधानाकडे वळले. घंटा आणि अन्न यांची जोडी पुन्हा पुन्हा जुळवली की पुढे नुसत्या घंटेनेही लाळ सुटते, ही रशियातील प्रयोगांतून पुढे आलेली गोष्ट तुम्ही ऐकली असेल. माणसाच्या गालाच्या आतील बाजूस चिकटून लाळ गोळा करणारे एक छोटे उपकरण लॅश्ली यांनी या अभ्यासासाठी तयार केले.

वॉटसन यांच्या मते सवय म्हणजे उद्दीपक आणि प्रतिक्रिया यांची जोडणी. लॅश्ली यांनी त्यापुढचा प्रश्न विचारला. अशी जोडणी होत असेल, तर ती मेंदूतून जाणाऱ्या एखाद्या वाटेनेच होत असली पाहिजे. त्या काळी मेंदूची तुलना दूरध्वनी केंद्राशी केली जाई. एका ग्राहकाची तार दुसऱ्याच्या तारेला जोडावी, तसे ज्ञानेंद्रियाकडून आलेला संदेश स्नायूकडे जाणाऱ्या तंतूला जोडला जातो आणि शिकणे म्हणजे अशी नवी जोडणी, असे मानले जाई. तसे असेल, तर ती तार कापताच सवय नाहीशी व्हायला हवी. लॅश्ली यांच्या संशोधनाचा सारा आराखडा या साध्या तर्कावर उभा होता. वर्तनवादाला मेंदूचा भक्कम आधार मिळवून द्यावा, हाच त्यांचा हेतू होता.

४.३.३ पहिला धक्का

मेंदूवरील शस्त्रक्रियेचे तंत्र लॅश्ली यांनी शेपर्ड आयव्हरी फ्रान्झ यांच्याकडून आत्मसात केले. वॉशिंग्टन येथील शासकीय मनोरुग्णालयात काम करणारे फ्रान्झ हे प्राण्यांना आधी एखादी कृती शिकवून मग मेंदूचा भाग काढून पाहण्याच्या पद्धतीचे आद्य प्रवर्तक होते. मेंदूचा एकेक तुकडा म्हणजे एकेक मानसिक शक्तीचे ठाणे, या समजुतीबद्दल त्यांना दाट शंका होती.

दोघांनी पांढऱ्या उंदरांना साधी वाट शोधण्यास शिकवले, नंतर त्यांच्या प्रमस्तिष्काच्या पुढच्या भागाचा नाश केला आणि उंदीर पुन्हा त्याच वाटेवर सोडले. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अपेक्षेच्या उलट होते. शिकलेली सवय बऱ्याच उंदरांत टिकून होती. तार कापली गेली होती, पण संदेश पोहोचत होता.

अशा वेळी संशोधकापुढे दोन मार्ग असतात. हाती आलेला निष्कर्ष अपवाद ठरवून बाजूला ठेवायचा, किंवा आपल्या गृहीतकालाच प्रश्न विचारायचा. लॅश्ली यांनी प्रयोग अधिक काटेकोर करायचे ठरवले.

४.३.४ चक्रव्यूह आणि उंदीर

१९१७ पासून लॅश्ली यांनी मिनेसोटा विद्यापीठात अध्यापन केले; १९२६ मध्ये ते शिकागोला गेले. या दोन ठिकाणी त्यांच्या प्रमुख प्रयोगांची उभारणी झाली. त्यांची पद्धत नीट समजून घ्या, कारण पुढचे सारे विवेचन तिच्यावर अवलंबून आहे.

लॅश्ली यांनी लाकडी वाटांचे चक्रव्यूह बनवले. प्रत्येकाच्या शेवटी अन्न ठेवलेले असे. मध्ये मध्ये काही वाटा पुढे जाऊन बंद होत. पहिल्या व्यूहात अशी एकच बंद वाट होती, दुसऱ्यात ३ आणि तिसऱ्यात ८. उंदीर बंद वाटेत शिरला की ती एक चूक धरली जाई. चुका कमी होत होत उंदीर सलग बिनचूक जाऊ लागला, की तो शिकला असे मानले जाई.

शस्त्रक्रिया दोन प्रकारे केल्या जात. काही उंदरांवर शिकण्यापूर्वी शस्त्रक्रिया करून, इजा झालेला मेंदू नवे किती शिकतो, हे पाहिले जाई. काहींवर शिकल्यानंतर शस्त्रक्रिया करून, शिकलेले किती टिकते, हे पाहिले जाई. भूल दिलेल्या उंदराच्या कवटीला छिद्र पाडून तापवलेल्या तारेने मेंदूच्या बाह्यकाचा, म्हणजे वरच्या पापुद्र्याचा, ठरावीक भाग नष्ट करीत. उंदीर बरा झाल्यावर त्याची चाचणी होई.

सर्वांत किचकट काम शेवटी येई. चाचणी संपलेल्या उंदराचा मेंदू काढून त्याचे पातळ छेद घेत, ते रंगवीत, इजेची कड प्रत्येक छेदावर रेखाटीत आणि बाह्यकाचा शेकडा किती भाग नष्ट झाला, हे मोजून काढीत. आपण कोठे आणि किती कापले, याचा अंदाज शस्त्रक्रियेच्या वेळीच बांधून पूर्वीचे अनेक संशोधक थांबत. लॅश्ली यांनी मोजल्यावाचून बोलायचे नाही, असा दंडक घातला. एका बाजूला चुकांची संख्या आणि दुसऱ्या बाजूला नष्ट झालेल्या भागाचे प्रमाण, अशा दोन आकड्यांची तुलना त्यामुळे शक्य झाली.

येथे थोडे थांबून एका गोष्टीचा विचार करू. हे ज्ञान मुक्या प्राण्यांच्या जिवावर मिळाले आहे. आज आपल्या देशासह अनेक देशांत अशा प्रयोगांसाठी नैतिक समितीची पूर्वपरवानगी लागते आणि प्राण्याला होणारा त्रास कमीत कमी ठेवण्याचे बंधन असते. लॅश्ली यांच्या काळात अशी चौकट नव्हती. त्यांच्या निष्कर्षांचे मोल मान्य करताना ही किंमतही आपण विसरू नये.

४.३.५ दोन तत्त्वे

१९२९ मध्ये लॅश्ली यांचा मेंदूची यंत्रणा आणि बुद्धी यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी आपले निष्कर्ष एकत्र मांडले.

पहिला निष्कर्ष असा : चक्रव्यूहाच्या बाबतीत बाह्यक कोठे नष्ट झाले, यापेक्षा किती नष्ट झाले, याला महत्त्व होते. इजा जितकी मोठी, तितक्या चुका अधिक. शिवाय व्यूह जितका अवघड, तितका हा परिणाम ठळक. एका बंद वाटेचा व्यूह मोठी इजा झालेले उंदीरही फारशा अडचणीशिवाय शिकत. ८ बंद वाटांच्या व्यूहात मात्र त्यांची पुरती तारांबळ उडे. बाह्यक जणू एकजुटीने काम करते, म्हणून लॅश्ली यांनी या तत्त्वाला समूहक्रिया म्हटले.

दुसरे तत्त्व समक्षमतेचे. उंदराला उजेड आणि अंधार यांत निवड करण्यास शिकवले आणि मग मेंदूच्या मागील बाजूचे दृष्टीशी संबंधित बाह्यक पूर्ण काढले, तर ती सवय नाहीशी होई. पण तोच उंदीर ती सवय पुन्हा शिके आणि त्यासाठी त्याला साधारणपणे धडधाकट उंदराइतक्याच फेऱ्या लागत. या क्षेत्राचा काही भाग शिल्लक ठेवला, तर कोणताही भाग उरला तरी काम चाले. एखाद्या क्षेत्राचे निरनिराळे भाग एकमेकांची जागा घेऊ शकतात, हा समक्षमतेचा अर्थ होय.

या तत्त्वांविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. संपूर्ण मेंदू सर्वत्र सारखाच आहे, असे लॅश्ली यांनी म्हटलेले नाही. दृष्टी, स्पर्श, हालचाल यांची क्षेत्रे वेगळी आहेत, हे त्यांना मान्य होते. समक्षमता त्यांनी एखाद्या क्षेत्राच्या आत आणि काही कार्यांपुरती मानली. उत्तर लिहिताना हा भेद अवश्य स्पष्ट करा.

इतर प्रयोगांतूनही हेच चित्र पुढे आले. अनुमस्तिष्काला, म्हणजे लहान मेंदूला, इजा झालेल्या उंदरांना नीट चालता येईना. ते धडपडत, लोळत पुढे सरकत, पण वळणे मात्र अचूक घेत. पाय ठराविक क्रमाने हलवण्याची साखळीच जर ते शिकले असते, तर ही गोष्ट शक्य झाली नसती. त्यांनी शिकली होती ती वाट. बाह्यकाच्या एका भागाला दुसऱ्यापासून तोडणारे छेद घेतले, तरी व्यूहातील वाट उंदरांच्या लक्षात राही. माकडांच्या मेंदूतील हालचालींशी निगडित बाह्यक काढल्यावर काही काळ अंग लुळे पडे. ते सावरल्यावर मात्र पूर्वी शिकलेल्या कड्या त्यांना पुन्हा न शिकवताही उघडता येत.

दूरध्वनी केंद्राची कल्पना आता टिकणे कठीण होते. १९२९ च्या सप्टेंबरमध्ये येल विद्यापीठात मानसशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष या नात्याने लॅश्ली यांनी तेथे भाषण केले आणि प्रतिक्षिप्त क्रियांच्या जोडण्यांनी सारे वर्तन उलगडते, या मतावर थेट घाव घातला. अभिसंधानाच्या प्रयोगांनी जगप्रसिद्ध झालेले वृद्ध इव्हान पाव्हलॉव्हही या परिषदेला आले होते. पुढे १९३२ मध्ये त्यांनी लेख लिहून लॅश्ली यांच्या मतांचा कडक प्रतिवाद केला. ज्या विचाराला आधार मिळवून देण्यासाठी लॅश्ली निघाले होते, त्याचेच ते आता सर्वांत प्रभावी टीकाकार झाले होते.

४.३.६ आक्षेप आणि उत्तर

लॅश्ली यांच्या निष्कर्षांवरही आक्षेप आले. त्यांतील सर्वांत महत्त्वाचा आक्षेप वॉल्टर हंटर यांनी १९३० मध्ये घेतला. चक्रव्यूहातून जाताना उंदीर डोळे, नाक, मिशा, पायांचा स्पर्श अशी अनेक साधने वापरतो. एक साधन गेले तर दुसरे कामी येते. म्हणून लहान इजेने फारसे बिघडत नाही. इजा मोठी झाली की अनेक साधने एकदम जातात; म्हणून चुका वाढतात. मग मेंदू एकजुटीने काम करतो, असे मानण्याची गरज काय?

हा आक्षेप लॅश्ली यांनी गांभीर्याने घेतला. दृष्टी आधीच गेलेले उंदीर चक्रव्यूह शिकू शकत होते. अशा उंदरांच्या मेंदूतील दृष्टीचे बाह्यक काढले, तर हंटर यांच्या मते काहीच फरक पडायला नको, कारण दृष्टी मुळातच उरलेली नव्हती. प्रत्यक्षात त्यांची शिकलेली वाट हरवली. दृष्टीच्या बाह्यकाला पाहण्याखेरीज आणखीही काही काम असले पाहिजे, असे यातून दिसले. तरीही हंटर यांच्या आक्षेपातील तथ्य पूर्णपणे नाहीसे झाले नाही. अनेक इंद्रियांनी शिकता येणारी कृती निवडली, तर तिची खूण एकाच जागी कशी सापडेल, हा प्रश्न पुढच्या पिढीने पुन्हा उचलला.

४.३.७ हार्वर्ड, ऑरेंज पार्क आणि क्रमाचा प्रश्न

१९३५ मध्ये लॅश्ली हार्वर्ड विद्यापीठात गेले. १९४२ मध्ये त्यांनी फ्लोरिडातील ऑरेंज पार्क येथील यर्क्स प्रयोगशाळेची सूत्रे हाती घेतली. चिंपँझींच्या अभ्यासासाठी ही प्रयोगशाळा प्रसिद्ध होती आणि १९५५ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तिचे संचालक होते. वर्गात शिकवण्याची त्यांना आवड नव्हती; प्रयोगशाळेत मात्र डोनाल्ड हेब आणि रॉजर स्पेरी यांच्यासारखे पुढे नामवंत झालेले संशोधक त्यांच्या सहवासात घडले. फावल्या वेळात लॅश्ली चेलो हे तंतुवाद्य वाजवीत.

१९४८ मध्ये पॅसाडेना येथील परिसंवादात त्यांनी वर्तनातील क्रमाविषयी एक निबंध वाचला. भाषेचे विद्यार्थी म्हणून तो तुम्हाला विशेष जवळचा वाटेल. कुशल वादकाची बोटे एका सेकंदात सोळापर्यंत आघात करू शकतात. प्रत्येक आघाताची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचून तिच्यामुळे पुढचा आघात होतो, असे म्हणावे, तर तेवढा वेळच नसतो. म्हणजे पुढच्या क्रमाची आखणी आधीच झालेली असली पाहिजे. भाषेतही तसेच घडते, असे लॅश्ली यांचे प्रतिपादन होते.

आपल्या मराठीतील उदाहरण घेऊ. मोठी जुनी लाकडी पेटी, असे तुम्ही म्हणता तेव्हा पहिल्याच शब्दात स्त्रीलिंगी रूप येते. पेटी हा शब्द तोंडातून बाहेर पडायचा असतो. पण मोठी म्हणताना तो तुमच्या मनात ठरलेला असतो. तेथे पेटारा म्हणायचा असता, तर सुरुवातच मोठा अशी झाली असती. मागचा शब्द पुढच्या शब्दाला ओढून आणतो, एवढ्याने हे उलगडत नाही. येथे पुढचा शब्द मागच्याचे रूप ठरवतो. वाक्य ही मण्यांची माळ नसून तिच्यामागे एक आराखडा असतो, हा विचार पुढील काळातील भाषाविज्ञानात आणि बोधात्मक मानसशास्त्रात फार फलदायी ठरला.

४.३.८ हिशेब

स्मृतीच्या खुणेला एन्ग्राम हे नाव जर्मन विद्वान रिचर्ड सेमॉन यांनी १९०४ मध्ये दिले होते. या एन्ग्रामच्या शोधाचा लेखाजोखा लॅश्ली यांनी १९५० मध्ये एका निबंधात मांडला. तीस वर्षांच्या प्रयोगांतून एन्ग्राम कोठे नाही, हे बरेच कळले होते. तो कोठे आहे, हे सांगता येत नव्हते. सारा पुरावा पाहिल्यावर शिकणे ही गोष्टच मुळी शक्य नाही, असा निष्कर्ष काढावासा वाटतो, अशी मिस्कील टिप्पणीही त्यांनी केली. पण माणसे आणि प्राणी शिकतात, हे तर उघड होते. तेव्हा चूक शिकण्यात नसून शिकण्याविषयीच्या आपल्या कल्पनेत असली पाहिजे. स्मृती एका जागी साठवलेली वस्तू नसून असंख्य पेशींच्या परस्परक्रियेत पसरलेली असावी, या दिशेने त्यांचा विचार झुकला होता.

१९१८ मध्ये त्यांचा विवाह एडिथ बेकर यांच्याशी झाला होता. १९४८ मध्ये एडिथ यांचे निधन झाले. १९५७ मध्ये त्यांनी क्लेअर शिलर यांच्याशी विवाह केला. फ्रान्समध्ये सुटीवर असताना ७ ऑगस्ट १९५८ रोजी प्वातिए येथे लॅश्ली यांचे आकस्मिक निधन झाले.

४.३.९ माणूस आणि मर्यादा

चरित्रकाराने नायकाची आरती ओवाळू नये, ही अपेक्षा आपण येथेही पाळली पाहिजे. लॅश्ली यांचा खाजगी पत्रव्यवहार इतिहासकारांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस बारकाईने तपासला. त्यात कृष्णवर्णीय लोकांविषयी तुच्छतेची आणि वंशभेदाची मते स्पष्ट दिसतात. उंदराच्या मेंदूबद्दल एक विधान करण्यासाठी छेदामागून छेद मोजणारा हा संशोधक आपल्या सभोवतालच्या माणसांविषयी मात्र पुराव्यावाचून मत बनवत होता.

ही विसंगती का नोंदवायची? कारण प्रयोगशाळेतील शिस्त आपोआप सर्व जीवनात उतरत नाही. गृहीतकाला प्रश्न विचारण्याची सवय एका क्षेत्रात कमावली, तरी दुसऱ्या क्षेत्रात ती पुन्हा नव्याने कमवावी लागते. लॅश्ली यांचे कार्य आदराने अभ्यासताना हा दोष झाकण्याचे कारण नाही.

४.३.१० त्यानंतर

लॅश्ली यांच्या हयातीतच चित्र पालटू लागले होते. हेब यांनी १९४९ मध्ये असे सुचवले की एकत्र कार्यरत होणाऱ्या चेतापेशींमधील दुवे बळकट होतात आणि स्मृती अशा पेशीसमूहांत राहते. समूह विखुरलेला असला, तर त्यातील थोड्या पेशी गेल्या तरी स्मृती टिकेल. लॅश्ली यांच्या निष्कर्षांना अशी वाट मिळाली.

१९५३ मध्ये अपस्मार आवरण्यासाठी एका तरुणाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पस या खोल भागाचा बराचसा अंश काढण्यात आला. एच. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या गेलेल्या या रुग्णाला नंतर घडणाऱ्या घटना स्मरणात ठेवता येईनात. त्याविषयीचा सविस्तर लेख १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. लॅश्ली यांचा शोध मुख्यतः वरच्या बाह्यकात चालला होता. नव्या स्मृती घडवणारा एक महत्त्वाचा भाग त्याखाली दडलेला होता.

१९८० च्या दशकात रिचर्ड थॉम्पसन यांनी एक अगदी साधी सवय निवडली. विशिष्ट स्वर ऐकू आला की डोळ्यावर हवेचा झोत येतो, हे ससा शिकतो आणि स्वर ऐकताच पापणी मिटतो. अनुमस्तिष्कातील एक लहानसा भाग नष्ट केल्यावर ही शिकलेली उघडझाप नाहीशी झाली. हवेच्या झोताने होणारी उपजत उघडझाप मात्र तशीच राहिली. या एका सवयीपुरती खुणेची आवश्यक जागा सापडली होती. २०१२ मध्ये सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेने भीतीचा अनुभव घेताना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधील कोणत्या पेशी कार्यरत होत्या, हे हेरले आणि नंतर प्रकाशाच्या साहाय्याने त्याच पेशी चेतवल्या. उंदीर दुसऱ्याच, निर्धोक जागी होता, तरी भीतीने गोठून उभा राहिला.

म्हणजे खूण असते. पण ती सर्व प्रकारच्या शिकण्यासाठी एकाच जागी नसते आणि बहुधा ती पसरलेली असते. लॅश्ली यांनी प्रश्न योग्य विचारला होता. त्यासाठी निवडलेली कृती मात्र इतकी गुंतागुंतीची होती की तिच्यातून एका जागेचे उत्तर निघणे कठीणच होते. हे आपल्याला आज म्हणता येते, कारण त्यांनी आपले अपयश आकड्यांसह आणि आडपडदा न ठेवता मांडून ठेवले. पुढच्या संशोधकांना त्या नोंदीवरूनच वाट शोधता आली.

४.४ सारांश

कार्ल लॅश्ली (१८९०–१९५८) हे वर्तनवादाच्या प्रभावाखाली संशोधनाला लागले. शिकलेल्या सवयीची मेंदूतील वाट शोधण्यासाठी त्यांनी प्राण्यांच्या मेंदूचे निरनिराळे भाग नष्ट करून वर्तनातील बदल मोजले. चक्रव्यूहातील शिकणे बाह्यकाच्या नष्ट झालेल्या प्रमाणावर अवलंबून असते (समूहक्रिया) आणि एखाद्या क्षेत्राचे भाग परस्परांचे काम करू शकतात (समक्षमता), असे त्यांना आढळले. स्मृतीची एकच निश्चित जागा त्यांना सापडली नाही. पुढील संशोधनाने त्यांचे काही निष्कर्ष मर्यादित केले, तरी मोजमापाची शिस्त आणि प्रतिकूल पुरावा स्वीकारण्याचे धैर्य यांमुळे त्यांचे कार्य पायाभूत ठरले.

४.५ पारिभाषिक शब्द

अभिसंधान : दोन गोष्टी वारंवार एकत्र अनुभवल्याने एकीला दुसरीची प्रतिक्रिया मिळू लागणे.
बाह्यक : मोठ्या मेंदूचा वरचा, घड्या असलेला किंवा सपाट पापुद्रा. उंदरात तो जवळजवळ सपाट असतो.
एन्ग्राम : शिकण्यामुळे मेंदूत उमटते असे मानलेली स्मृतीची खूण.
समक्षमता : एका क्षेत्रातील भागांची परस्परांचे कार्य करण्याची क्षमता.
समूहक्रिया : बाह्यकाने एकत्रितपणे कार्य करणे, इजेच्या प्रमाणात कार्य घटणे.

४.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१) लॅश्ली यांनी मेंदूवरील शस्त्रक्रियेचे तंत्र कोणाकडून आत्मसात केले?
२) तिसऱ्या चक्रव्यूहात किती बंद वाटा होत्या?
३) एन्ग्राम ही संज्ञा कोणी दिली?

उत्तरे : १) लॅश्ली यांनी हे तंत्र शेपर्ड आयव्हरी फ्रान्झ यांच्याकडून आत्मसात केले. २) तिसऱ्या चक्रव्यूहात ८ बंद वाटा होत्या. ३) एन्ग्राम ही संज्ञा रिचर्ड सेमॉन यांनी दिली.

४.७ सरावासाठी स्वाध्याय

१) अनुमस्तिष्काला इजा झालेल्या उंदरांच्या वर्तनावरून शिकण्याविषयी कोणता निष्कर्ष निघतो, ते स्पष्ट करा.
२) हंटर यांचा आक्षेप आणि लॅश्ली यांनी त्याला दिलेले उत्तर यांची चर्चा करा.
३) मराठीतील विशेषण आणि नाम यांच्या मेळाची आणखी तीन उदाहरणे घेऊन वर्तनातील क्रमाचा प्रश्न समजावून सांगा.
४) नायकाचे दोष चरित्रात नोंदवावेत का? या घटकाच्या आधारे तुमचे मत लिहा.